दोघांत एक बॅग

आमच्या इमारतीत तिला तयारीताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, आणि ती जिना उतरून गेली की तयारीताई. हे तिला ठाऊक होतं. पण अडचणीच्या वेळी ही सगळी माणसं आपल्याच दाराशी येणार आहेत हेही तिला ठाऊक होतं, आणि अशा माणसांच्या थट्टेवर चिडत बसणं तिला परवडण्यासारखं नव्हतं.

नोकरीपायी देश सोडून आलेली आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं त्या भागात राहत. बहुतेक घरांत नवरा-बायको दोघंही कामावर, म्हणून मुलं ताईकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं पाळणाघर होतं. बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला उभा लावायचा, सतरंजी अंथरायची आणि दार उघडायचं, एवढ्यानं ते सुरू व्हायचं. मुलं सकाळी सोडताना रडत आणि संध्याकाळी नेताना जास्त रडत. पाळणाघर चांगलं चाललंय याचा याहून मोठा पुरावा आयांनाही नको होता, आणि हा पुरावा त्यांना फारसा आवडतही नसे.

ताईचे यजमान शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात ऑपरेटर होते. ताईचे यजमान म्हणून ते आम्हा सगळ्यांचे भाऊजी. अगदी त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्यांचेसुद्धा. माणूस शांत. घरातून निघायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात दुसरा माणूस कामावर पोचून चहा पिऊन झाला असता. दार लावून खाली उतरायचे, चष्म्यासाठी परत वर यायचे, पुन्हा उतरायचे, आणि मग डब्यासाठी खालून हाक मारायचे. ताई डबा दोरीला बांधून खिडकीतून सोडायची. दोरी त्यासाठीच खिडकीला कायमची बांधलेली होती. आपला नवरा बदलेल या आशेवर राहण्यापेक्षा दोरी स्वस्त पडते, असं ती म्हणायची.

तिच्या दाराजवळ, चपलांच्या स्टँडशेजारी, एक निळी बॅग कायम भरलेली असे. पासपोर्टच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत, टॉर्च, टॉर्चचे सेल वेगळे, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या, दोघांचे दोन दोन कपडे, सुईदोरा, भाऊजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्यांचा जुना चष्मा. महत्त्वाचे फोन नंबर कागदावरही होते आणि तिला तोंडपाठही. फोनच हरवला तर फोनमधले नंबर काय कामाचे, हा तिचा सवाल असे. बॅगेत क्रीमची बिस्किटंही होती. ती जुनी होऊ नयेत म्हणून ताई अधूनमधून बदलायची आणि जुने पुडे पाळणाघरात वाटायची. त्यामुळे संकट म्हणजे काहीतरी गोड असतं आणि ते लवकर लवकर यावं, असं त्या मुलांचं मत झालं होतं.

या सगळ्याचं मूळ जुनं होतं. लग्नानंतर ती प्रथम गेली तो देश वेगळा. तिथेही, पुढे इथे झालं तशीच, लढाई भडकली आणि कंपनीची गाडी दाराशी येऊन उभी राहिली. आहात तसे चला. ते निघाले. सीमेच्या अर्ध्या वाटेवर ताईला आठवलं, की आपण दूध तापत ठेवलं होतं. गॅस बंद केला की नाही, ते काही केल्या आठवेना. भाऊजी म्हणाले, मी केला असेल. तू केला नसशील तर मी केला असेन, या थाटाचं ते उत्तर होतं आणि ते तिला आयुष्यभर पुरलं. त्या गावात पुढे बरंच काही जळालं. त्यातलं आपल्या दुधानं किती, हे तिला कधीच कळलं नाही.

मग एके दिवशी आपल्या दूतावासाचं परिपत्रक आलं. परिस्थिती नाजूक आहे, घाबरू नये, तयारीत राहावं. काय काय तयारी करावी ते खाली दिलं होतं, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ताईच्या दाराजवळ आधीच होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आपलं एखादं खास लोणचं दुकानात बाटलीत दिसावं तसा तिचा चेहरा झाला. परिपत्रकातल्या दोन गोष्टींवर तिनं बोट ठेवलं. प्रत्येक माणसाची बॅग वेगळी असावी, ही सूचना तिनं मोडीत काढली.

“यांच्या हातात वेगळी बॅग दिली तर हे ती विसरणार,” ती म्हणाली. “मग ती आणायला परत जाणार. मग मी बॅग शोधू का माणूस शोधू? त्यापेक्षा दोघांत एक बरी.”

दुसरी सूचना मात्र तिला फार पटली. ठरल्या जागी ठरल्या वेळी जमावं, कुणीही कुणासाठी थांबू नये. हे वाक्य तिनं सगळ्या इमारतीला पाठ करायला लावलं. दूतावासानं प्रत्येक वस्तीत एक माणूस संपर्कासाठी नेमायचं ठरवलं तेव्हा आमच्याकडून तिचंच नाव गेलं. निवडणूक वगैरे झाली नाही. बाकीचे सगळे त्या वेळी योगायोगानं कामात होते.

नेमणूक झाल्यावर तिनं लगेच रंगीत तालीम ठेवली. सुट्टीच्या सकाळी फोनची साखळी सुरू करायची, एकानं दुसऱ्याला कळवायचं, आणि सगळ्यांनी बॅगा घेऊन मुलांच्या शाळेच्या मैदानावर जमायचं. तळमजल्यावरून निघालेला निरोप होता, “शाळेच्या मैदानावर जमा.” तो पाचव्या मजल्यावर पोचला तेव्हा “शाळेला सुट्टी जाहीर” असा झाला होता, आणि पाचवा मजला आनंदानं पुन्हा झोपला. जे आले त्यांतल्या एका वहिनींनी कपड्यांऐवजी दोन कुकर आणले होते. कपडे कुठेही मिळतात, या शिट्टीचा कुकर मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेत गणित शिकवणारे आमचे मास्तर सगळ्यांत आधी पोचले, आणि त्यांच्या बॅगेत फक्त बुद्धिबळाचा पट निघाला. मास्तर एकटे राहत. ताईनं विचारलं, खेळणार कुणाशी? मास्तर म्हणाले, वेळ पडली तर स्वतःशी, आणि त्यातही हरण्याची मला सवय आहे.

ताई रागावली नाही. तिनं साखळीचा नियम तेवढा नव्यानं सांगितला. जसं ऐकलं तसंच पुढे सांगायचं. अर्थ काढत बसायचं नाही, आपली अक्कल त्यात मिसळायची नाही. शब्द आला तसा पुढे गेला पाहिजे.

बिघडलं ते एकदम नाही. आधी दुकानांतल्या फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या, मग पेट्रोलच्या रांगा वाढल्या, मग शाळा बंद झाली. विमानतळ दुरुस्तीसाठी बंद आहे असं जाहीर झालं आणि कसली दुरुस्ती हे कुणी विचारलं नाही. रस्त्याच्या टोकाशी वाळूची पोती आली. पाळणाघरातली मुलं एकेक करून कमी झाली, कारण आईबापच घरी बसलेले. पण तीच मुलं संध्याकाळी आईबापांना घेऊन ताईच्या दारात येऊ लागली. मुलं सतरंजीवर खेळत आणि आईबाप दाराजवळच्या बॅगेकडे पाहत उभे राहत. ताई प्रत्येकाला तेच सांगायची. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. बूट उशाशी ठेवा. औषधं बरोबर घ्या. आणि घरी फोन कराल तेव्हा आईला खरं सांगा, पण सगळं सांगू नका.

भाऊजींच्या कामाचा मात्र या काळात वेळकाळ राहिला नाही. त्यांची नोकरी पाळीची. पाळी संपली की सुट्टी, असं त्या कामात नसतं. पुढचा माणूस येतो, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या सगळ्या काट्यांवर नजर टाकतो, पंपांचा आवाज ऐकतो आणि “घेतलं” म्हणतो. तो “घेतलं” म्हणेपर्यंत आधीचा माणूस खुर्चीतून उठत नाही. भाऊजींच्या जागी यायचा तो तिथलाच एक स्थानिक माणूस. त्याच्या मिशा मोठ्या, म्हणून भाऊजींच्या घरी तो मिशीवाला. केंद्रातले बाकीचे बरेच लोक गावी निघून गेले होते आणि आता पाण्याचा सगळा कारभार जवळजवळ या दोघांच्या दोन खुर्च्यांवर, खरं तर आळीपाळीनं एकाच खुर्चीवर, आला होता.

एका सकाळी दूतावासाकडून फोन आला. आज बस येतील, शाळेच्या मैदानावरून सुटतील, सीमेपलीकडे नेतील. माणशी एक बॅग. पुढची सोय कधी होईल सांगता येत नाही. ताईनं साखळी सुरू केली, आणि या वेळी निरोप तळापासून वरपर्यंत एक अक्षर न बदलता पोचला. भीतीमुळे माणसांचं ऐकणं किती सुधारतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कुकरवाल्या वहिनी कपडे घेऊन आल्या. मास्तर पुन्हा पहिले. ताईनं प्रत्येक घराचं दार हलवून पाहिलं, प्रत्येकाला गॅस बंद केलात का म्हणून विचारलं, निळी बॅग उचलली, तिच्यातली शिट्टी गळ्यात अडकवली आणि आमच्या मागून मैदानावर आली.

भाऊजी आदल्या दिवसापासून कामावर होते. ताईनं त्यांना सकाळपासून फोन लावले होते, लागत नव्हते. आम्ही बसमध्ये जागा धरत असताना लागला. ती बसच्या पायरीवर एक पाय ठेवून बोलत होती आणि खरखर एवढी की तिला ओरडावं लागत होतं, त्यामुळे तिच्या बाजूचं सगळं आम्ही ऐकलं आणि त्यांच्या बाजूचं तिनंच नंतर सांगितलं. बस आल्यात, निघा, असं ती म्हणाली. मिशीवाला अजून आला नाही, असं ते म्हणाले. नसेल आला तर नसेल, तुम्ही निघा. अगं पण पंप चालू आहेत, खुर्ची अशी सोडून कसं उठू? मग थोडा वेळ नुसतीच खरखर. तू बस गाडीत, ते म्हणाले. पाणी प्यायला घेतलंस ना. मग पुन्हा खरखर, आणि मग अगदी स्वच्छ, शेजारी उभे असल्यासारखं:

“बरं. येतो गं.”

फोन तुटला तो पुन्हा लागला नाही.

आमच्या बसबरोबर दूतावासाचा एक तरुण अधिकारी होता. झोप न झालेला, पण सभ्य. त्याला मराठी येत नव्हतं. सगळे आले का, असं त्यानं विचारलं. ताईनं सांगितलं की एक माणूस यायचा आहे. त्यानं विचारलं, नक्की येताहेत? ताईनं नियमाप्रमाणे शब्द आला तसा पुढे दिला. येतो म्हणाले. अधिकाऱ्यानं त्याचा सरळ अर्थ घेतला, घड्याळात पाहिलं आणि थोडं थांबू म्हणाला.

बस थांबली. बाकीच्या एकेक करून निघून गेल्या. ज्या बाईनं आम्हाला कुणासाठी न थांबण्याचा धडा पाठ करायला लावला होता तिच्याचसाठी आम्ही थांबलो होतो, आणि खरं सांगायचं तर प्रथम आम्हाला ते आवडलं. भाऊजी आता चष्म्यासाठी परत गेले असतील, असं कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, दोरी सोडा म्हणजे येतील. ताईही हसली. ती दारातल्या पायरीवरच उभी होती, रस्त्याच्या टोकाकडे तोंड करून. लांबून एकदा धडाड आवाज आला. मग बराच वेळ नुसती शांतता, जी आवाजापेक्षा वाईट. मुलं पाणी मागायला लागली. विनोद थांबले. प्रत्येक जण आपापल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता, आणि ते बोलल्यासारखंच होतं.

मास्तर पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी फार हळू, जणू चूक आपलीच असल्यासारखं, विचारलं.

“ताई, ते ‘येतोय’ म्हणाले की ‘येतो’ म्हणाले?”

“मास्तर, व्याकरणाचा तास घ्यायची ही वेळ आहे का?” ताई मागे न वळता म्हणाली. “गणित शिकवता ना तुम्ही?”

मास्तरांचा प्रश्न मात्र आम्हा सगळ्यांना कळला होता. त्या बसमध्ये असा एकही माणूस नव्हता ज्यानं दारातून बाहेर पडताना “येतो” म्हटलं नव्हतं. आम्ही देश सोडून निघालो तेव्हा आईच्या पाया पडून तेच म्हणालो होतो, आणि त्यानंतर आमच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं गेलेच नव्हते. जातो म्हणायचं नाही, म्हणून येतो म्हणायचं. अधिकारी आमच्या तोंडांकडे पाहत राहिला. त्याच्या भाषेत येणं म्हणजे येणंच असावं.

ताई तरीही रस्त्याकडे पाहत होती. तिची पाठ आम्हाला दिसत होती. पुढे कधीतरी तिनं सांगितलं, की मास्तरांचा प्रश्न ऐकून ती चिडली, पण चिडतानाच तिच्या कानात भाऊजींचा आवाज पुन्हा वाजला. “येतो गं.” सकाळी चष्मा, डबा सगळं घेऊन झाल्यावर, जिन्याच्या वळणावरून, ज्या सुरात ते रोज म्हणायचे त्याच सुरात. त्यांनी निरोप घेतला होता, आणि तिनं त्यासाठी बस थांबवली होती.

ती वळली. अधिकाऱ्याला म्हणाली, गाडी सोडा. मग आपल्या गळ्यातली शिट्टी काढून मास्तरांच्या हातात दिली. उतरताना, चढताना माणसं मोजा, पाचव्या मजल्यावरच्या धाकट्याला गाडी लागते, त्याला खिडकीशी बसवा, इतकंच. मास्तरांनी शिट्टी घेतली. अधिकारी मध्ये आला. तुम्ही उतरू शकत नाही, असं तो म्हणाला, आणि पुढे कुणीही कुणासाठी थांबू नये असंही म्हणाला. त्याचं बरोबर होतं. ते वाक्य ताईचंच होतं.

“थांबत नाहीये मी,” ताई म्हणाली. “त्यांच्या गोळ्या माझ्याकडे राहिल्यात.”

बॅग खांद्याला लावून ती उतरली. कुकरवाल्या वहिनी रडायला लागल्या. बस हलली तेव्हा ती मैदान ओलांडून चालली होती, आणि मास्तर हातात शिट्टी धरून पुन्हा पुन्हा आम्हाला मोजत होते. दर वेळी एक कमी भरत होता आणि दर वेळी ते पहिल्यापासून सुरू करत होते.

पुढचं आम्हाला दोघांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

पाण्याचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. रस्ते रिकामे, शटर ओढलेली. ज्या दुकानातून ती पाळणाघरासाठी रंगीत खडू घ्यायची त्याची काच फुटलेली होती आणि खडू फूटपाथवर पसरलेले. तिनं ते पायानं बाजूला सारले, कुणी घसरून पडेल म्हणून. एका चौकात कुणीतरी सार्वजनिक नळ तसाच सोडून गेलं होतं. धो धो पाणी वाहत होतं. ताई बंद करायला गेली आणि हात नळावर ठेवून तशीच उभी राहिली. पाण्याला जोर होता. म्हणजे पंप चालू होते. पंप चालू म्हणजे ते खुर्चीत होते. सकाळपासून फोन ज्याची बातमी देत नव्हता त्याची बातमी नळ देत होता. तिनं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, नळ घट्ट बंद केला आणि पुढे निघाली. वाटेत जिथे जिथे नळ दिसला तिथे तिथे तिनं तो जरासा उघडून पाहिला. त्यामुळे पोचायला उशीर झाला, पण चालायला सोपं गेलं, असं ती म्हणते.

केंद्राच्या फाटकावर पहारेकरी नव्हता. पंपघरात आवाज एवढा की आत गेलेला माणूस बोलण्याच्या फंदात पडत नाही. भाऊजी काचेच्या खोलीत, काट्यांच्या फळीसमोर बसले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि उठले नाहीत, उठायचं नसतं. ती आत येऊन दार लावेपर्यंत ते नुसते बघत राहिले. मग ते रागावले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाऊजी खरे रागावलेले ताईनं त्या दिवशी प्रथम पाहिले. गाडी सोडलीस, एवढंच ते तीनतीनदा म्हणाले. त्यांना रागावण्याची सवय नसल्यामुळे पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना.

“मला वाटलं तू बसलीस,” ते शेवटी म्हणाले. “म्हणून मग मला बरं वाटलं होतं.”

“मला वाटलं तुम्ही येताय,” ताई म्हणाली. “तसं म्हणालात तुम्ही.”

“जातो कसं म्हणणार?”

तिनं बॅग उघडली, गोळी काढली, पाण्याची बाटली उघडून दिली. त्यांनी गोळी घेतली. मग तिनं जुना चष्मा दिला, कारण नव्याची काडी मोडली होती आणि तो त्यांनी तारेनं बांधला होता. तिच्या लक्षात आलं की त्यांचे डोळे लाल आहेत. आदल्या दिवसापासून माणूस झोपलेला नव्हता. कोणता काटा बघायचा, ते तिनं विचारलं. त्यांनी दाखवला. हा लाल रेघेकडे सरकला तर मला उठव. हा खाली आला तरी उठव. आवाज बदलला तर काही बघू नकोस, आधी उठव. ताई म्हणाली, पोरांना झोपवून त्यांच्यावर नजर ठेवण्यात माझा जन्म गेला, तुम्ही आडवे व्हा. ते बाकावर आडवे झाले आणि तिचं वाक्य संपायच्या आत झोपले.

ती काट्याकडे बघत बसली. काटा जागचा हलत नव्हता, पण नुसता थरथरत होता. आपण तयारीत काय विसरलो ते तिला तिथे बसल्यावर कळलं, असं ती सांगते. निघायचं कसं, ते सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं. एकाला निघता येत नसेल तर दुसऱ्यानं काय करायचं, हे तिनं कधी विचारातच घेतलं नव्हतं, कारण तसा विचार करायचा म्हणजे दोघांना वेगळं धरावं लागतं.

दुपार कलली तेव्हा मिशीवाला आला. धुळीनं माखलेला, मोटारसायकलवरून. तो आपली आई आणि मुलं गावी पोचवायला गेला होता आणि परतीचे रस्ते बंद झाले होते. काट्यांसमोर एक बाई बसलेली पाहून तो दारातच थबकला. मग बाकावर झोपलेले भाऊजी दिसले आणि त्याला सगळं कळलं. ताईनं ओठांवर बोट ठेवलं. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम येत होती. थोडा वेळ झोपू दे, हे तिनं हातानं सांगितलं. त्यानं मान डोलावली, दुसऱ्या खुर्चीवर बसला, आणि तोही काट्यांकडे बघू लागला. पंपाचा आवाज त्याला ठीक वाटला असावा, कारण त्यानं खिशातून दोन संत्री काढली आणि एक तिला दिलं.

भाऊजी जागे झाल्यावर मिशीवाल्यानं सगळ्या काट्यांवर नजर टाकली, नीट उभा राहिला आणि आपल्या भाषेत “घेतलं” म्हणाला. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तू एकटा कसं करणार, असं भाऊजींनी विचारलं. हे माझं गाव आहे, तो म्हणाला, तुमचं नाही. तुम्ही राहिलात हेच खूप. त्याचा भाऊ अंड्यांचा ट्रक घेऊन सीमेकडे चालला होता. त्याच्या केबिनमध्ये दोघांची सोय झाली.

सीमेपलीकडे आम्हाला एका खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये ठेवलं होतं. जमिनीवर गाद्या, गादीला लागून गादी, आणि दर तासाला नवी माणसं येत होती. जागेवरून भांडणं सुरू झाली होती. आमचे मास्तर, ज्यांना आयुष्यात कुणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, दोन रिकाम्या गाद्या अडवून उभे होते. गाद्यांवर त्यांनी बुद्धिबळाचा पट मांडून ठेवला होता, आणि कुणी जागा मागितली की इथे डाव चालू आहे, माणसं एवढ्यात येतील, असं सांगत होते. पहिल्या दिवशी लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका जाड्या गृहस्थानं पट उचलून बाजूला ठेवला. मास्तरांनी शिट्टी वाजवली. सगळा हॉल चमकून उभा राहिला. गृहस्थ निघून गेले आणि मास्तर सोंगट्या पुन्हा मांडायला बसले. एक घोडा त्यांनी तीनदा चुकीच्या घरात ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी ते दोघे दारातून आत आले. ताईच्या केसांत पेंढा अडकला होता, भाऊजींच्या सदऱ्यावर अंड्याचा मोठा डाग. कुणी ओरडलं नाही, धावलं नाही. आम्ही नुसते उभे राहिलो आणि कुकरवाल्या वहिनी पाणी आणायला गेल्या. मास्तरांनी आमच्याकडे बोट फिरवत एकदा शेवटपर्यंत मोजलं, मान हलवली आणि शिट्टी ताईच्या समोर धरली. तिनं ती घेतली नाही. असू दे तुमच्याकडे, ती म्हणाली, तुम्हाला शोभते.

मग ती गादीवर बसली आणि एकेकाची चौकशी सुरू केली. धाकट्याला गाडी लागली का. औषधं कुणाकुणाची संपली. चहाची रांग अशी वाकडी का, तिथे कुणी बघायला नाही का. मास्तर गाद्यांवरून झालेलं भांडण सांगत होते, त्यातही ती मध्ये मध्ये विचारत होती. भाऊजी तिच्या शेजारी बसले होते. आमच्यासमोर ते दोघं कधी एका सोफ्यावरसुद्धा बसत नसत. ताईला ते प्रशस्त वाटत नसे. बसल्या बसल्या भाऊजींचे डोळे मिटले, मान एकदा पुढे गेली, एकदा मागे गेली, आणि मग सगळ्या हॉलच्या देखत त्यांचं डोकं ताईच्या खांद्यावर टेकलं. तिचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. आम्हाला वाटलं, आता ती त्यांना हलवून सरळ करणार. तिनं खांदा किंचित खाली केला, पदर त्यांच्या कानावर ओढला, आणि आवाज अगदी खाली आणून मास्तरांना विचारलं, बरं, मग पुढे काय झालं?